खानेसुमारीच्या दिवशी बर्फावर

ब्रुसेल्सच्या शाही कलासंग्रहालयात जावई मला एका चित्रापुढे घेऊन गेले. म्हणाले, “आई, हे तुमच्या खात्यातलं.” पीटर ब्रूगेलचं ‘बेथलेहेमची खानेसुमारी’, साल 1566. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, 2011च्या जनगणनेत प्रगणक होते. आमच्या नोकरीत ते काम कुणाला चुकत नाही.

गोष्ट बायबलमधली. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला येतो. ब्रूगेलने ते बेथलेहेम उचलून आपल्या मुलखातल्या बर्फाने भरलेल्या खेड्यात आणून ठेवलंय. खानावळीपाशी नावं लिहायला, पैसे भरायला झुंबड उडालीय. भिंतीवर हाब्सबुर्ग घराण्याचा दोन डोक्यांचा गरुड. हुकूम रोमचा आणि शिक्का चित्रकाराच्या स्वतःच्या सरकारचा! ही खोडी मला फार आवडली. निळ्या झग्यातली मरीया गाढवावर आहे, योसेफाच्या खांद्यावर करवत आहे, पण कुणी दाखवल्याशिवाय ती दोघं सापडत नाहीत.

मला आधी दिसली ती पोरं. गोठलेल्या पाण्यावर एक पोर जनावराच्या जबड्याच्या हाडाची घसरगाडी करून बसलंय. कुणी चाबकाने भोवरा फिरवतंय. आपल्याकडे भोवरा जाळी गुंडाळून फेकला, की पुढचं भोवऱ्याच्या नशिबावर. तिथे मात्र फटके मारत त्याला जागता ठेवायचा. गुळगुळीत बर्फावर तो किती वेळ चालत असेल! पलीकडे बर्फाच्या गोळ्यांची मारामारी.

खानावळीत काय चाललंय याच्याशी यातल्या एकाचंही देणंघेणं नाही, आणि तेच मला आधी पटेना. आमच्या वस्तीत पोरं प्रगणकाची पाठ सोडत नाहीत. “बाई, आमचं घर राहिलं!” म्हणत पुढे पळतात. मोठी माणसं वय आठवत बसतात, तोवर धाकटी बहीण कुठल्या पावसाळ्यात झाली ते पोरंच सांगून टाकतात. पण या खेड्यात मोजणारा दारात येत नाही. मोठ्यांनीच थंडीत जाऊन रांग धरायची, वर कर द्यायचा. मग पोरं मोकळीच. ब्रूगेलचं बरोबर आहे.

मरीयेपाशी मात्र मी रेंगाळले. आमचा नियम असा, की 28 फेब्रुवारी सरून 1 मार्च लागतो त्या मध्यरात्री जो जिवंत, तो मोजायचा. म्हणून 1 ते 5 मार्च पुन्हा फेरी मारायची. मधे जन्मलेलं बाळ वाढवायचं, गेलेलं माणूस वजा करायचं. एका घरी सासूने दिवस भरलेल्या सुनेकडे बोट करून विचारलं, “हिच्यातलं पण लिहिता का?” म्हटलं, “त्या रात्री बाराच्या आत झालं तर.” खानावळीतल्या कारकुनानेही बहुधा दोनच माणसं लिहिली असती.

बायबलात पुढे हेरोद राजा बेथलेहेममधली दोन वर्षांचे आणि त्याखालचे मुलगे मारायला लावतो. ब्रूगेलने तेही रंगवलं, अशाच बर्फातल्या खेड्यात. ते चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यातली मारली जाणारी मुलं नंतर कुणीतरी रंगाखाली झाकली आणि त्यांच्या जागी गाठोडी, जनावरं काढली. ब्रुसेल्सला गेलात तर मरीयेला शोधायची घाई करू नका. आधी बर्फावरची पोरं बघा, ती कुणी पुसलेली नाहीत.