काळ्या मातीतलं लोखंडी घर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याची सळई होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्लॅबांच्या पोटात ही सळई आहे. बदनापूर तिथून हाकेच्या अंतरावर. तरीही इथं कुणी लोखंडी सांगाड्याचं घर बांधायचं म्हटलं, की घरातली वडीलधारी माणसं विचारतात, "म्हणजे शेडच ना?" स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मला हा प्रश्न सतत ऐकावा लागतो आणि तो रास्तही आहे. आमच्याकडे लोखंडी बांधकाम म्हणजे जिनिंग, गोदाम, नाहीतर गॅरेज.

पण आपल्या आजोबांचं खणाचं घर तरी काय होतं? लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर माळवद. छताचा भार लाकडाच्या सांगाड्यावर आणि भोवती दगडमातीच्या जाडजूड भिंती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. घरांत सांगाडा होता, मग ती का पडली? एक तर छताचं वजन. गळती थांबावी म्हणून लोक माळवदावर वर्षानुवर्षं माती चढवत गेले. अर्धा मीटर थर धरला, तर चौरस मीटरला सातआठशे किलो भार डोक्यावर. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. दुसरं म्हणजे भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार दगडच नव्हते. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : खांबावर तुळई नुसती टेकवलेली होती. उभा भार ती पेलायची, पण आडव्या हिसक्याला जोड धरून ठेवणारं तिथं काही नव्हतं.

पोलादी सांगाडा इथं उपयोगी पडतो. पत्र्याचं छप्पर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि कैच्या धरूनही फार तर वीस-पंचवीस. पोलाद वाकतं, पण एकदम तुटत नाही. मात्र हे सगळं जोड शाबूत असेल तरच.

हलकेपणाची दुसरी बाजू बदनापुरात लगेच दिसते. इथली काळी माती कापसाला आणि तुरीला चांगली, घराला वाईट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते. फुगताना ती वर ढकलते. जड घर थोडंफार दाबून धरतं. हलकं घर उचललं जातं. एक कोपरा वर आला की दारं घासायला लागतात, भिंतीत तिरकी चीर पडते. "लोखंडाला कशाला एवढा पाया?" असं म्हणणाऱ्याला मी हेच समजावतो. मुरूम जवळ लागत असेल तर खोदून मुरुमावरच टेकावं. माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले अंडर-रीम पाईल घ्यावेत : साधारण साडेतीन मीटर खोल बोअर आणि तळाशी सुरणाच्या गड्ड्यासारखा फुगवटा, जो पाईलला वर येऊ देत नाही. प्लिंथ बीमच्या खाली चार बोटं पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का लागत नाही. गवंडी ती पोकळी हमखास भरून टाकतात. तिथं उभं राहावं लागतं.

वाऱ्याचंही तसंच. पत्र्यावर दगड ठेवलेली घरं आपण रोज पाहतो. वारा छप्पर दाबतो त्यापेक्षा वर ओढतो जास्त. या भागासाठी भारतीय मानकानं वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या ओढीपुढं दगड टिकत नाहीत, आणि उडालेल्या पत्र्याबरोबर तेच दगड माणसांवर येतात. पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची खांबाला, खांब पायाला : ही साखळी कुठंही सुटता कामा नये.

म्हणून साइटवर गेलो की मी आधी जोडापाशी बसतो. हातोडीनं स्लॅग झाडायचा आणि बोटानं वेल्ड चाचपायचा. चांगला वेल्ड सलग असतो, दोन्ही बाजूंच्या पत्तीत मुरलेला. वाईट वेल्ड वरून गोंडस फुगलेला, पण कडेला नख अडकतं, कारण धातू नुसता वर बसलाय, आत गेलेला नाही. सहा मिलिमीटरच्या नीट वेल्डचा एकेक सेंटीमीटर, मानकातली सुरक्षितता धरूनही, साडेसहाशे किलो ओढ सहज घेतो. तोच नुसता टाचून सोडला तर काहीच भरवसा नाही. वर एकदा रेड ऑक्साईड मारला की दोन्ही सारखेच दिसतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बेस प्लेट मातीत गाडू नये, जोत्याच्या वर ठेवावी. न्हाणीघराजवळचा खांब सगळ्यांत आधी गंजतो. चौकोनी पाईपांची तोंडं बंद करावीत. आग लागली तर साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना पोलादाची निम्मी ताकद जाते, त्यामुळं स्वयंपाकघराजवळचे खांब विटांत किंवा प्लास्टरात घ्यावेत. आणि मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली कुणी राहू शकत नाही. डेक शीटवर काँक्रीट किंवा पफ पॅनेल हवंच.

सगळ्यांनीच असं घर बांधावं असं मी म्हणत नाही. मुरुमावर तीन खोल्यांचं बैठं घर असेल तर विटांचं बांधा, वर-खाली काँक्रीटचे पट्टे द्या, पैसे वाचतील. पण जुन्या दुकानावर मजला चढवायचा असेल, जागा अडचणीची असेल, तर हिशेब करून घेतलेल्या सांगाड्याला तोड नाही.

अडचण आहे ती व्यवहारात. "साहेब, किती किलो लोखंड लागंल?" हा पहिला प्रश्न असतो, आणि फॅब्रिकेटरलाही किलोवरच पैसे मिळतात. मग जाड खांब लावणं त्याला परवडतं. वेल्ड घासणं, जोडाची पत्ती नीट बसवणं, बेस प्लेटखाली ग्राऊट भरणं यासाठी त्याला छदामही मिळत नाही. त्यामुळं मी मालकांना सांगतो, जोड, रंग आणि ग्राऊट यांचे दर वेगळे लावून घ्या. आमच्याकडचे काही फॅब्रिकेटर आता तसं दरपत्रक देतात. त्यात वेल्डिंगचा दर मीटरवर असतो, आणि रंगाआधी जोडांची पाहणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, अशी अट मालक त्यात घालून घेतात.