सुनेची लिंबू-व्होडका

मैत्रिणींनो, दारूचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझे वडील पीत. जिन्यात तो आंबूस वास आला की आई आम्हां भावंडांना स्वयंपाकघरात घेऊन कडी लावायची.

गेल्या मे महिन्यात मुलगा-सून परदेशातून आली. सुनेनं बॅगेतून लिंबाच्या स्वादाची व्होडका काढली. "आई, नुसता वास तरी घ्या!" घेतला. लिंबाची साल किसताना येतो ना, अगदी तस्सा! आमचे 'हे' पेपराआडून म्हणाले, "परवाना काढलायस का?"

चमचाभर चाखली. आधी लिंबू, मग किंचित गोडी, आणि मग घशात जाळ. बाटलीवर ४० टक्के लिहिलंय ते उगीच नाही. सून तिकडे हिच्यात क्रॅनबेरीचा रस, संत्र्याची लिकर नि लिंबू घालून 'कॉस्मोपॉलिटन' करते. इथे क्रॅनबेरी कुठली? मी आपलं कोकमाचं सरबत पुढे केलं. ३० मिली व्होडका, चार चमचे कोकमाचा पाक, चिमूटभर जिरेपूड, वर सोडा आणि बर्फ. रंग काय सुरेख आला!

चवही छान, खोटं कशाला बोलू? पण तिथेच मी दचकले. जाळ कुठे गेला? दारू तर ग्लासात तेवढीच होती. वडिलांच्या वासानं आईला निदान आधी कळायचं; हिला तर लिंबाचा वास!

दुसऱ्या खेपेला मी नुसतं कोकम घेतलं. मुलगा अंदाजानंच ओतायला लागला, तेव्हा औषधाचं माप आणून त्याच्या हातात दिलं.