सोळानंतर काय?

१, २, ४, ८, १६. यापुढची संख्या कोणती? हा प्रश्न वाचून संपण्यापूर्वीच आपल्या मनाने '३२' असे उत्तर देऊन टाकले असेल. शिष्यवृत्तीच्या किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेत ज्यांनी संख्यामालिका सोडवल्या आहेत, त्यांना तर प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या दुप्पट आहे, हे सांगावेही लागणार नाही. तरीही आपण क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे.

नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्या वाढवण्याची एक साधी रीत अभ्यासली. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १ मध्ये १ मिळवला की २, २ मध्ये २ मिळवले की ४, मग ८, मग १६. येथवर सारे दुपटीसारखेच दिसते. परंतु १६ चे अंक १ आणि ६; त्यांची बेरीज ७. म्हणून पुढची संख्या २३ आणि त्यानंतर २८, ३८, ४९. या रीतीने ज्या संख्येपर्यंत कुठूनही पोहोचता येत नाही, उदाहरणार्थ २०, तिला कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या या शिक्षकाच्या कामाविषयी १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात लिहिले आणि ते जगभर पोहोचले.

आणखी एक उत्तर पाहा. वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना सरळ रेषेने जोडा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजा. एक ते पाच बिंदूंसाठी उत्तरे येतात १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंसाठी मात्र ३१. म्हणजे त्याच पाच संख्यांनंतर ३२, ३१ आणि २३ ही तिन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. समोरची सर्व उदाहरणे नियमात बसली, एवढ्यावरून नियम सापडला असे म्हणता येत नाही.

मला हे पुस्तकाआधी एका खेळाने शिकवले. आमचे गाव वाटूर, जालना जिल्ह्यातले. फाट्यावर एसटीची वाट पाहण्यात बालपणाचा बराच वेळ गेला. सोबत चुलते असले की ते आम्हा भावंडांना तीन संख्या सांगत : २, ४, ६. मनात एक नियम धरलेला असे. आम्ही आपल्या तीन संख्या सांगायच्या आणि त्यांनी 'बसतं' किंवा 'बसत नाही' एवढेच म्हणायचे. नियम मात्र गाडी येईपर्यंत एकदाच सांगायची मुभा. चुलतभाऊ विचारीत, ८, १०, १२? बसतं. २०, २२, २४? बसतं. मग मोठ्या ऐटीत सांगत, "दोन-दोननं वाढतात!" काका मान हलवीत.

आक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, तऱ्हा निराळी होती. ती विचारी, "काका, दहा, पाच, एक?" बसत नाही. "एक, दोन, शंभर?" बसतं. "सात, सात, सात?" बसत नाही. भावंडे हसत, हिला 'नाही' ऐकायची हौसच आहे, म्हणत. मग ती शांतपणे सांगे, "पहिलीपेक्षा दुसरी मोठी, दुसरीपेक्षा तिसरी मोठी. बाकी काही नाही." नियम तेवढाच होता.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी याच तीन संख्या घेऊन केलेला प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणारे विद्यापीठातले विद्यार्थी होते; तरी बहुतेकांनी पहिल्यांदा सांगितलेला नियम चुकीचा निघाला. आपला तर्क ज्याने खरा ठरेल असेच प्रश्न त्यांनी बहुधा विचारले होते. तर्क मोडू शकेल असा प्रश्न विचारणे माणसाला जड जाते. 'हो' ऐकून सुख वाटते. पण पुष्कळदा अधिक सांगून जाते ते 'नाही'.

आक्काची शाळा आठवीत सुटली. त्यानंतर घर, खुरपणी, कापसाची वेचणी, लग्न, लेकरे. या मालिकेची पुढची संख्या साऱ्या गावाला ठाऊक होती. चाळिशी उलटल्यावर तिने पुन्हा पुस्तक हाती घेतले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. मला वाटले नाही. मागच्या पाच-सहा गोष्टींवरून पुढची ठरवून टाकणे हे तिच्या स्वभावातच नव्हते. आपल्यापैकी कित्येकांच्या बाबतीतही कोणीतरी सोळानंतर बत्तीस लिहून वही मिटलेली असेल.

भाषेचा अभ्यास करताना हा खेळ फार उपयोगी पडतो, कारण व्याकरण म्हणजे बोलणाऱ्यांनी नकळत पाळलेला नियम ओळखणे होय. घोडा–घोड्याला, आंबा–आंब्याला, रस्ता–रस्त्याला. आकारान्त पुल्लिंगी नामाच्या सामान्यरूपात 'आ'चा 'या' होतो, असा नियम आपण मांडतो. दिवा, वाडा, ओढा हे शब्द घेऊन तो तपासला, तर प्रत्येक वेळी 'बसतं' असेच उत्तर येईल आणि हाती नवे काही लागणार नाही. 'काका' घेऊन पाहा. 'काकाला' म्हणतो आपण, 'काक्याला' नव्हे. मामा, दादा, आजोबा यांचेही तसेच. मग नात्याचे शब्द अपवाद समजावेत काय? पण 'राजा' नात्याचा शब्द नसून 'राजाला' होतो आणि 'पिता' नात्याचा असून 'पित्याला' होतो. प्रत्येक 'बसत नाही' बरोबर नियम थोडा अधिक नेमका होत जातो.

म्हणून या पुस्तिकेतील कोणताही नियम वाचल्यावर त्याला दुजोरा देणारी उदाहरणे शोधण्यात फार वेळ घालवू नका. आपल्या घरच्या, शेतातल्या, बाजारातल्या बोलण्यातून त्याला अडवणारा एक तरी शब्द शोधा, समासात टिपून ठेवा आणि संपर्कसत्रात तो सर्वांसमोर मांडा. 'नाही' असे उत्तर आले तरी हरकत नाही. पुढचा प्रश्न तिथूनच सुचेल.