व्हॅलेन्सियांतील एक गुरुवार

माद्रिद येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचें आमंत्रण कित्येक वर्षें पडून होतें. २०२५ च्या मे महिन्यांत तो योग जुळून आला. आम्ही उभयतां, आमचे ते स्नेही व वहिनी असे चौघे जण तीन दिवसांची सवड काढून भूमध्य समुद्राच्या कांठीं वसलेलें व्हॅलेन्सिया शहर पाहण्यास निघालों. माद्रिदहून वेगवान आगगाडी दोन तासांच्या आंत तेथें पोंचविते. गाडींतच आमच्यांत दोन तट पडले. बायकांस समुद्रकिनारा पाहावयाचा होता, स्नेह्यांस बाजारपेठ; आणि आम्हांस मात्र अशी एकच गोष्ट पाहावयाची होती, कीं जी केवळ गुरुवारीं दुपारीं बाराच्या ठोक्यालाच पाहावयास मिळते. ती म्हणजे तेथील 'पाण्याचें न्यायालय'.

या हट्टाचें कारण जरा घरगुती आहे. आमचें मूळ घर कोंकणांत. ओहोळावर बंधारा घालून आगरास पाटानें पाणी आणलेलें, व तें दोन चुलत घराण्यांनीं पाळीपाळीनें घ्यावें अशी वडिलार्जित वहिवाट. आमच्या वडिलांच्या हयातींत पाळी चुकल्यावरून बोलाचाली झाली, ती कोर्टांत गेली, आणि एकोणीस वर्षें चालली. निकाल लागला तेव्हां वादी व प्रतिवादी दोघेही कैलासवासी झाले होते. दोन्ही घरांमधलें जाणें-येणें मात्र तेव्हांपासून जें तुटलें तें तुटलेंच. मधल्या गडग्यापलीकडे कार्य असलें, तर सनईचे सूर ऐकूं येतात, पण अक्षत येत नाहीं. पाण्याचा तंटा लोक कसा मिटवितात हें पाहण्याची आम्हांस ओढ कां, हें वाचकांच्या ध्यानीं येईलच.

बुधवारीं उतरलों ते प्रथम नदीवर गेलों. नदीवर म्हणावयाचें, पण नदींत पाणी नाहीं! तूरिया नदीस १४ ऑक्टोबर १९५७ रोजीं मोठा पूर आला. निदान ८१ माणसें त्यांत दगावलीं. पुढें सरकारनें शहराच्या दक्षिणेस नवें रुंद पात्र खणून नदीच तिकडे वळविली. जुन्या कोरड्या पात्रांतून मोटारींचा हमरस्ता न्यावा असा बेत होता. परंतु नागरिकांनीं चळवळ करून तो हाणून पाडला व तेथें बाग करविली. आज ही बाग सुमारें नऊ किलोमीटर लांब पसरली आहे. डोक्यावरून जुने दगडी पूल जातात, खालीं मुलें चेंडू खेळतात, आणि समुद्राकडील टोंकास कालात्राव्हा या वास्तुशिल्पकाराच्या कल्पनेंतील पांढऱ्याशुभ्र इमारती माशाच्या सांगाड्यासारख्या उभ्या आहेत. "पूल आहेत, घाट आहे, फक्त नदीच तेवढी माहेरीं गेली आहे," असें वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळीं खाद्यपेयांचा समाचार घेतला. हा प्रांत कित्येक शतकें अरबांच्या अमलाखालीं होता, आणि कालवे, भात, संत्रीं यांची येथील समृद्धि पुष्कळशी त्या काळांतली आहे. संत्र्यास स्पॅनिश भाषेंत 'नारांखा' म्हणतात; हा आपला 'नारंग' शब्दच फारशी व अरबी भाषांतून मजल दरमजल करीत तेथें पोंचला आहे. 'आसूकार' म्हणजे साखर, तीही मूळची आपली 'शर्करा'. 'ओरचाता' नांवाचें एक थंडगार पेय घेतलें. आपल्या नागरमोथ्याच्या कुळांतील एका वनस्पतीचे गोड कंद वाटून, खसखशीचें काढतात तसें दूध काढून तें करतात. भाताचा प्रसिद्ध प्रकार जो 'पाएया', त्याचें नांव मूळ पसरट कढईचें. त्यांत कोंबडी व ससा घालण्याची चाल असल्यामुळें आम्हीं घेवड्याच्या शेंगा व भाज्या घातलेला निराळा करून घेतला. तळाशीं लागलेली खरपूस खरवड तिकडे फार नांवाजतात. आमच्या कुटुंबानें ती मिटक्या मारीत खाल्ली व म्हणाली, "आपल्याकडे हीवरून मुलांची मारामारी होते, येथें पाहुण्यांची होत असेल!"

गुरुवारीं साडेअकरालाच आम्ही कॅथीड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'पुढें जाऊन उभे राहिलों. मुख्य मशीद पूर्वीं याच जागीं होती. १२३८ सालीं ख्रिस्ती राजानें शहर घेतल्यावर मुसलमान शेतकऱ्यांस चर्चच्या आंत जातां येईना, म्हणून न्यायसभा दाराबाहेर भरूं लागली, असें सांगतात. ही सभा हजार वर्षांची जुनी आहे अशी तिकडील समजूत असून १९६० सालीं तिचा सहस्रसांवत्सरिक उत्सवही झाला. २००९ सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. शहराभोंवतालच्या मळ्यांस पाणी देणारे तूरियाचे आठ कालवे; प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनीं आपल्यांतलाच एक शेतकरी निवडून द्यावयाचा, आणि त्या आठांनीं न्याय करावयाचा. वकील नाहीं, मुद्रांक नाहीं, कागद नाहीं. सारें तोंडीं व चव्हाट्यावर. आरोपी ज्या कालव्याचा, त्या कालव्याचा पंच निकालांत भाग घेत नाहीं. निकाल तेथल्या तेथें, आणि त्यावर अपील नाहीं.

बाराचे टोले पडले. काळे अंगरखे घातलेले पंच येऊन दारांतील खुर्च्यांवर गोलाकार बसले. हातांत पितळी आंकडीची काठी घेतलेल्या शिपायानें एकेका कालव्याचें नांव घेऊन तेथील कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असें पुकारलें. आठही नांवें झालीं. कोणीही पुढें आलें नाहीं. पंच उठले व निघून गेले. सर्व मिळून पांच-सात मिनिटें!

आमची निराशा लपली नाहीं. समुद्रकिनाऱ्याची सकाळ बुडाल्याचा टोमणाही ऐकावा लागला. तेवढ्यांत शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांस स्नेह्यांनीं स्पॅनिशमध्यें विचारलें, "आज कांहींच कसें नाहीं?" ते हंसून म्हणाले, "बहुतेक वेळां असेंच असतें. गुरुवारीं सर्वांदेखत येथें उभें राहावें लागेल, या विचारानें लोक बुधवारपर्यंत बांधावरच मिटवून टाकतात." आम्ही कांहीं बोललों नाहीं. एकोणीस वर्षांत आमच्या वडिलांस व काकांस सर्वांदेखत समोरासमोर उभें करणारा एकही गुरुवार लाभला नाहीं, हें मनांत आलें.

शुक्रवारीं शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा सरोवर पाहण्यास बसनें निघालों. वाटेंत नदीचें नवें पात्र लागलें. तें ओलांडतांना स्नेह्यांनीं २९ ऑक्टोबर २०२४ ची हकीकत सांगितली. त्या दिवशीं डोंगराकडे अतोनात पाऊस होऊन पोयो नांवाच्या एरवीं कोरड्या असणाऱ्या ओढ्यास लोंढा आला. नव्या पात्रामुळें मूळ शहर सुरक्षित राहिलें; परंतु पात्रापलीकडील गांवांत पाणी शिरलें. भ्रमणध्वनीवर सावधगिरीची सूचना आली तेव्हां पुष्कळ ठिकाणीं रस्ते बुडून गेले होते. त्या प्रांतांत सव्वादोनशेंच्या आसपास माणसें गेलीं. मग शहरांतील हजारों लोक फावडीं, झाडू व पाण्याच्या बाटल्या घेऊन पायपुलावरून पलीकडे चालत गेले आणि दिवसेंदिवस चिखल उपसत राहिले. आमचे स्नेहीही माद्रिदहून तीन दिवसांकरितां आले होते. ही गोष्ट त्यांनीं यापूर्वीं आम्हांस पत्रांत कधीं लिहिली नव्हती. "कोणाचें घर, तें विचारीत नव्हतों. उघड्या दारांत शिरत होतों," एवढेंच ते म्हणाले.

सरोवर सुंदर आहे. भोंवतालीं भातखाचरांत पाणी सोडण्याचा हंगाम होता, व कोंकणची फार आठवण झाली. परततांना बायकांस समुद्रकिनाराही घडला, म्हणजे आमच्यावरचें किटाळ गेलें.

त्या रात्रीं पाण्याच्या न्यायालयाचें एक चित्रकार्ड घेऊन आम्हीं तें आमच्या चुलतबंधूंस लिहिलें. तीर्थरूपांनंतर त्या घरीं गेलेलें आमच्या हातचें हें पहिलेंच पत्र. मजकूर चारच ओळींचा होता: पाहिलें तें, आणि दिवाळींत गांवीं येणार आहों, पाटावर बसून बोलूं, एवढेंच. उत्तर आलें नाहीं. पण आश्विनांत बंधाऱ्याची डागडुजी निघाली, तेव्हां गडग्यापलीकडील घरचा गडी न बोलावतां फावडें घेऊन आला होता, असें आमच्या वाडीवरील माणसानें कळविलें आहे.