गडग्यावरची सापसंद

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असा मान देणारे ते पहिले राज्य. पुढे आमच्या कर्नाटकाने सदर्न बर्डविंगची निवड केली. आमची उभी हयात सरकारी नोकरीत गेली असल्याने, मान देणे आणि तरतूद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हांस कोणी सांगावे लागत नाही. राज्याचे भूषण आदेशात सुरक्षित राहते. फुलपाखरू मात्र एखाद्या वेलीच्या आधाराने जगते.

बर्डविंग म्हणजे पक्ष्यासारख्या पंखांचे. या फुलपाखराच्या पंखांचा विस्तार १४ ते १९ सेंटिमीटर भरतो. हिमालयातील गोल्डन बर्डविंगचे १९४ मिलिमीटरचे माप २०२० साली प्रसिद्ध होईपर्यंत भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू हेच मानले जाई. पुढचे पंख काळे, मागचे सोनेरी. पाऊस ओसरू लागला की खानापूरच्या रानात, चोर्ला घाटात, आंबोलीच्या वाटेवर ते झाडांच्या शेंड्यांवरून संथपणे तरंगताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. राज्यांच्या सीमा त्याला ठाऊक नाहीत. सह्याद्री तेवढा ठाऊक आहे.

एके काळी अभ्यासक त्याला आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या कॉमन बर्डविंगची उपजात समजत. आता ती दक्षिण भारताची, मुख्यतः सह्याद्रीची, स्वतंत्र जात मानली जाते. श्रीलंकेचे बर्डविंग निराळे, हिमालयाचे निराळे. त्यामुळे आपल्याकडचे नाहीसे झाले, तर ईशान्य भारतातून दुसरे आणून ती उणीव भरून निघणार नाही. दिसायला सारखे असणे आणि तेच असणे यांत अंतर आहे.

त्याची मादी अंडी घालते ती मुख्यतः सापसंदीच्या कुळातील वनस्पतींवर. सापसंद म्हणजेच ईश्वरी. आपल्या भागात तिला ईश्वरी बळ्ळी असेही म्हणतात. सुरवंट तिची पाने खातो आणि पानांतले विष अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. माणसाने मात्र हीच वेल औषधासाठी मुळासकट उपटली. वास्तविक तिच्यातील आम्ल मूत्रपिंडास घातक आहे. उरलेली वेल रस्ता रुंद करताना आणि कुंपणे साफ करताना तण म्हणून जाते.

एका शहरातील नव्या फुलपाखरू उद्यानाच्या उद्घाटनास आम्ही गेलो होतो. फरसबंदी होती, कारंजे होते, परदेशी फुलांचे ताटवे होते. सुरवंटाने खावे असे एकही पान नव्हते. मध मिळाला तर फुलपाखरू पाहुणे म्हणून येईल. त्याचा संसार तेथे होणार नाही.

परकी वेल तर याहून घातक ठरू शकते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील रिचमंड बर्डविंगच्या बाबतीत तसेच घडले. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या त्याच कुळातील वेलीवर माद्या अंडी घालू लागल्या आणि ती पाने खाऊन सुरवंट मरू लागले. १९९० च्या दशकात तेथील शाळांनी आणि घरमालकांनी परकी वेल काढून मूळची देशी वेल लावण्याचे काम हाती घेतले. त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एकमेकांपासून तुटलेल्या छोट्या वस्त्यांत जवळच्या नात्यातच जोड्या जमून पुढची पिढी दुबळी निपजते. म्हणून एका वस्तीपासून दुसरीपर्यंत उडत जाता येईल अशा अंतराने वेली हव्यात. मूळ भूमीपासून दूर, लहान लहान समूहांनी राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना हे समजावून सांगायला नको. येणे-जाणे थांबले की काय होते ते आपण जाणतो.

खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या परड्यात दगडी गडगा आहे आणि त्यावर सापसंद चढली आहे. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, "काका, गडगा काढून पक्की भिंत घालू या. दगडांत साप निघतात." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते; घरात लहान मुले आहेत. आम्ही त्याला पानाखालचा सुरवंट दाखवला. तांबूस काळा, अंगावर मांसल काटे असलेला तो जीव पाहून त्याची धाकटी मुलगी आधी मागे सरली, मग वाकून पाहत बसली. शेवटी तीन बाजूंना भिंत झाली आणि मागची बाजू तशीच राहिली. त्या बाजूला मुलांनी जायचे नाही, असे ठरले.

ही तडजोड फार मोठी नाही. पण आपल्यापैकी अनेकांची गावाकडे घरे, परडी, कुळागरे अजून आहेत आणि त्यांची साफसफाई बहुधा दूर राहूनच सांगितली जाते. गड्याला "सगळे साफ कर" म्हणण्यापूर्वी कुंपणावर कोणती वेल आहे, एवढे एकदा विचारावे. सापसंद असेल तर राहू द्यावी. नसेल, तर उपटून आणू नये. बी मिळवून रुजवावे. बर्डविंग येईलच अशी हमी नाही. पण वेल नसेल तर ते थांबणार नाही, हे नक्की.