मी स्लाइड्स का काढून टाकल्या

कॉलेजांतल्या व्यसनविरोधी व्याख्यानांत माझी सगळी भिस्त भीतीवर आणि लाजेवर असायची. किडलेले दात, खप्पड गाल, आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. मेथॅम्फेटामिन, म्हणजे पोरांच्या तोंडी ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’, घेतलं की असं होतं. बघा आणि लांब राहा. (आपल्याकडे ‘एमडी’ म्हणतात ते मेफेड्रोन. ते रसायन वेगळं.) जितकी धास्ती जास्त, तितकी पोरं सुरक्षित, असं माझं ठाम मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

मी किडनीची डॉक्टर. आमच्याकडे ही मुलं पार्टीनंतर दोन-तीन दिवसांनी येतात आणि आईच्या देखत सांगतात, ‘जिममध्ये जरा जास्त झालं.’ लघवी कोऱ्या चहासारखी. तपासणीची पट्टी बुडवली की रक्ताच्या चौकटीवर हिरवा रंग चढतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत. कारण ते रक्त नसतं, फुटलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन असतं. सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम रक्तात एरवी साधारण २००च्या आत असतं, ते हजारोंच्या घरात गेलेलं असतं.

या नशेत माणूस रात्रभर नाचतो, तहानेचं भान राहत नाही, अंग तापत जातं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत साचून त्या बुजवतं. शरीरात पाणी कमी, रक्तपुरवठाही आखडलेला. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं म्हणून वर पेनकिलर, आणि तीही मूत्रपिंडालाच जड. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पुष्कळांचं मूत्रपिंड काही आठवड्यांच्या डायलिसिसनंतर सावरतं. काहींचं नाही सावरत.

असाच एक मुलगा डायलिसिसच्या खाटेवरून मला म्हणाला, ‘मॅडम, तुमचं लेक्चर ऐकलंय मी. माझे दात चांगले होते.’

त्याचं म्हणणं खरंच होतं. दात किडायला काळ जातो, मूत्रपिंड एका रात्रीत बसू शकतं. ती रात्र माझ्या एकाही स्लाइडवर नव्हती. उलट ‘नशेडी’ कसा दिसतो हे मी इतकं पक्कं करून ठेवलं होतं, की धडधाकट दिसणाऱ्या पोराला आपण त्यात बसत नाही असंच वाटावं. शिवाय ज्या लाजेवर माझा भरवसा होता, तीच लाज त्याला डॉक्टरसमोर खोटं बोलायला लावत होती. यात दोन दिवस गेले की नलिका बुजलेल्याच.

बाकीच्या अवयवांचंही मी आता सांगते, पण चेहरे न दाखवता. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होतो, तरुण वयातही. हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होतो. नशा सुटली तर बऱ्याच जणांत त्याची ताकद काही अंशी परत येते. फुफ्फुसांतल्या धमन्यांचा दाब वाढला तर मात्र ते दुखणं सहसा मागे हटत नाही.

घेतलंच असेल तर पुढे काय करायचं, हेही मी आता सांगते. त्यावर काही सहकारी म्हणतात, ‘ही तर परवानगीच झाली.’ आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणूनच किती घेतलं तर चालेल, या प्रश्नाला मी एकच उत्तर देते: असं प्रमाण नाही. पण ज्याने घेतलंच आहे, त्याला वाऱ्यावर सोडणं मला आता जमत नाही.

तेव्हा मुलांनो, मित्राचं अंग भाजल्यासारखं तापलं, तो बरळू लागला, छातीत दुखलं, लघवी गडद किंवा कमी झाली, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणू नका. १०८ला फोन लावा. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४अ मध्ये आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि तिला पैसे पडत नाहीत.