किंगकाँग कधी गेला?

१/
१२ जुलै २०१२ रोजी सकाळी मुंबईत दारासिंग यांचे निधन झाले. दिवसभर दूरचित्रवाणीवर त्यांच्या जुन्या कुस्त्या आणि ‘रामायण’ मालिकेतला हनुमान दिसत राहिला. सुरत–भुसावळ लोहमार्गावर, नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान, चिंचपाडा नावाचे लहानसे स्टेशन आहे. त्या संध्याकाळी तिथल्या बाकावर साठीला टेकलेले चार बालमित्र बसले होते. बोलणे अर्थातच दारासिंगांचे. बोलता बोलता त्यांच्यातल्या निवृत्त गुरुजींनी विचारले, “अरे, पण किंगकाँग कधी गेला?”

कोणालाच सांगता येईना.

२/
‘स्वतःला मोठा दारासिंग समजतोस काय?’ हे वाक्य मराठी घरांत आजही ऐकू येते. एका पंजाबी मल्लाचे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले, ते ज्या माणसाला पाडल्यामुळे झाले, त्याची मृत्युवार्ता या चाहत्यांपर्यंत बेचाळीस वर्षे पोचलीच नव्हती. हा धागा त्या पडलेल्या माणसाविषयी आहे.

३/
त्याचे खरे नाव एमिल त्साया. जन्म १९०९ चा, ब्राशोव गावचा. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज रुमानियात आहे. वंशाने हंगेरियन, पोटापाण्यासाठी आशियाभर फिरलेला आणि अखेरीस सिंगापुरात स्थिरावलेला हा मल्ल. वजन दोनशे किलोंच्या आसपास सांगितले जाई. आपल्याकडे मात्र पुष्कळांनी त्याला ऑस्ट्रेलियाचा ठरवून टाकले. दारासिंगांवरच्या लेखांत ही चूक अजूनही भेटते. खलनायकाचे गाव नीट विचारून घ्यावे, असे कोणाला वाटले नसावे.

४/
त्या काळी मुंबईत रंगणाऱ्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्या म्हणजे कोल्हापूरच्या खासबागेतली कुस्ती नव्हे. लाल मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. इथे मातीऐवजी दोरखंडांचे रिंग, प्रकाशझोत, पंचाशी हुज्जत, गुद्दे, आणि पाठ फिरवलेल्यावर हल्ला. तालमीतले वस्ताद या प्रकाराला नाक मुरडत. आधी ठरवून खेळलेल्या लढतीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हा शब्द आता राजकारण्यांनी पळवला असला, तरी मूळचा आखाड्यातलाच.

एक नोंद इथे करायलाच हवी. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव आपल्याच मातीतले. त्यांचे नाव मात्र कोणत्याही घरात दारासिंगांसारखे सामान्यनाम झाले नाही. खऱ्या कुस्तीला खलनायक नसतो, हे त्याचे एक कारण असू शकेल.

५/
व्यावसायिक कुस्तीत खलनायकाला ‘हील’ म्हणतात. त्याचे काम अवघड असते. प्रेक्षक तिकीट काढतो तो त्याचा पराभव पाहण्यासाठी. त्याने आधी भीती घालावी लागते, मग अन्याय करावा लागतो, संताप शिगेला पोचला की पडावे लागते. आणि पडणे असे असावे लागते की पाडणारा मोठा वाटेल. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधाने केली आहे. त्याचे म्हणणे असे की हा खेळ नसून दृश्य आहे, आणि प्रेक्षकांना त्यात न्याय होताना पाहायचा असतो. पॅरिसच्या प्रेक्षकाविषयी लिहिलेले हे मुंबईच्या प्रेक्षकालाही जसेच्या तसे लागू पडते.

६/
दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतीची आख्यायिका सर्वांना पाठ आहे. दारासिंगांनी त्या अजस्र देहाला डोक्यावर उचलले, गरगर फिरवले आणि रिंगबाहेर फेकले.

आता एक आकडा पाहा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाच्या सर्वांत वजनी गटात अमेरिकेच्या पॉल अँडरसनने सुवर्णपदक मिळवले. तेव्हा त्याने डोक्यावर नेलेले सर्वांत जड वजन १८७.५ किलो होते. लोखंडी दांडी वळवळत नाही, तिचा तोल ढळत नाही, ती लाथा मारत नाही. तेवढ्याच किंवा त्याहूनही जड असा जिवंत, विरोध करणारा माणूस डोक्यावर उचलणे जवळजवळ अशक्यच. उचलला जाणाऱ्याने मदत करावी लागते. योग्य क्षणी उसळी घ्यावी लागते, अंग ताठ धरावे लागते.

यात दारासिंगांची ताकद कमी ठरत नाही. त्या वजनाखाली उभे राहायला पहाडासारखीच छाती लागते. पण त्या प्रसिद्ध क्षणात दोन माणसांची ताकद होती, आणि टाळ्या एकालाच मिळाल्या. पडताना हाडे कोणाची दुखली असतील, हे सांगायला नको.

७/
१९६२ साली बाबूभाई मिस्त्री यांचा ‘किंगकाँग’ प्रदर्शित झाला. दारासिंग नायक झाले ते या चित्रपटापासून, आणि एमिल त्सायाही त्यात होता. नायकाच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला नाव मिळाले ते प्रतिस्पर्ध्याचे! मुंबईचे रिंग ज्यांनी कधी पाहिले नाही, अशा खेड्यापाड्यांत हे द्वंद्व पोचले ते बाजाराच्या गावी लागणाऱ्या तंबूतल्या पडद्यावरून. चिंचपाड्याच्या या चौघांनीही ते तिथेच पाहिले. गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली.

८/
१९७० च्या मे महिन्यात, मलेशियात झालेल्या मोटार अपघातातल्या जखमांमुळे, एमिल त्साया सिंगापुरात मरण पावला. वय साधारण साठ-एकसष्ट. ज्याच्यावर ओरडण्यासाठी लोकांनी पैसे मोजले, त्याच्यासाठी रडायचे तरी कसे? दारासिंगांच्या निधनानंतर देशाला शोक करण्याची रीत ठाऊक होती. किंगकाँगसाठी तशी रीतच नव्हती.

९/
स्टेशनच्या बाकावर गुरुजींच्या पुतण्याने मोबाइलवर शोधून साल सांगितले. १९७०. गुरुजींनी हिशेब केला : ते चौघांचे मॅट्रिकच्या आसपासचे वर्ष. म्हणजे तंबूतला सिनेमा सुटल्यावर नदीच्या वाळूत ‘दारासिंग-किंगकाँग’ खेळायचे ते त्याच्याही आधीचे, किंगकाँग जिवंत असतानाचे.

त्या खेळात दारासिंग व्हायला सगळेच तयार असत. किंगकाँग मात्र नेहमी एकालाच व्हावे लागे, कारण वर्गात अंगाने थोराड तो एकटाच. ते नाव त्याला पुढे लग्नापर्यंत चिकटले. साखरेच्या आजाराने वाळलेला तो आता बाकाच्या टोकाला बसून होता. बराच वेळ तो काही बोलला नव्हता.

“तुम्ही मला उचलायचे ना,” तो म्हणाला, “तेव्हा मीच उडी मारायचो. तुमच्याच्याने कुठला उचलला जात होतो!”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. पन्नास वर्षांत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

“मग तेव्हा का बोलला नाहीस?”

“खेळ मोडला असता,” तो म्हणाला. तेवढ्यात सुरतेकडची गाडी आली.